देवाचा फ्लॅट नंबर

दुसऱ्याचं चांगलं लिखाण वाचलं की माझ्या पोटात दुखतं. अलंकारिक नाही, खरंच दुखतं, बेंबीच्या थोडं वर, डाव्या अंगाला. कॉलेजात असताना मला वाटायचं, कँटीनच्या वड्याचा दोष असेल. नंतर कळलं की वडा निर्दोष आहे. एखादं पुस्तक चांगलं की वाईट हे मी परीक्षणं वाचून ठरवत नाही, पोटावरून ठरवते आणि आजवर माझं पोट चुकलेलं नाही.

सहा वर्षांपूर्वी आमच्या वरच्या खोलीत ती भाड्यानं राहायला आली तेव्हा पोट अगदी शांत होतं. भुकूमला पौड रस्त्यापासून जरा आत आमचं घर आहे. वडील असतानाच खालची भाताची खाचरं बिल्डरला दिली गेली, घरावर दोन खोल्या चढल्या आणि तेव्हापासून हिंजवडीला कामाला जाणारं कुणी ना कुणी आमच्याकडे राहतं. मी लग्न केलं नाही, त्यामुळे खाली आई आणि मी अशा दोघीच. ही मुलगी वाशिमकडची, तिशीची, सॉफ्टवेअर टेस्टर. म्हणजे इतरांनी बनवलेल्या अ‍ॅपमधल्या चुका शोधायच्या आणि त्यांच्या तोंडावर मारायच्या. मी पिरंगुटच्या शाळेत मराठी शिकवते, तेव्हा चुका काढण्याचंच काम मीही करते. पहिल्या आठवड्यात मी तिला हे गमतीनं सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, "ताई, तुम्ही झालेल्या चुका काढता. मला अजून न झालेल्या काढाव्या लागतात."

तेव्हा मला ते वाक्य आगाऊ वाटलं होतं.

गावात माझी ओळख 'लिहिणारी बाई' अशी आहे. दिवाळी अंकांत वर्षाला दोन-तीन कथा येतात. भाताची खाचरं, धुकं, लावणीला वाकलेल्या बायका, चुलीचा धूर. ती खाचरं केव्हाच मातीखाली गेली होती, पण माझ्या कथांमध्ये दरवर्षी पीक जोरात यायचं. तिनं माझ्या सगळ्या कथा मागून वाचल्या आणि अंकांचा गठ्ठा परत देताना विचारलं, "ताई, तुमच्या कथांमध्ये कुणाकडेच मोबाईल कसा नसतो?"

मी म्हटलं, "साहित्य आहे ते, मोबाईलचं दुकान नाही."

तिनं मान डोलावली आणि जिना चढून वर गेली. ती पोटातली पहिली कळ.

मग कळलं की ती स्वतःच एक कादंबरी लिहितेय. फार लांबचं भविष्य नाही, दहा-पंधरा वर्षांपुढचं. आमच्यासारखंच एक गाव, जिथं सगळं फोनवरून चालतं आणि फोन ज्याला ओळखत नाही त्याला गावही ओळखत नाही. तिची लिहायची पद्धत नोकरीतून आलेली होती. ती म्हणायची, बनवणारा माणूस सांगतो, हे नीट चाललं तर काय होईल. मी बघते, वापरणारा जरा वेगळा निघाला तर काय होईल. म्हातारा निघाला, थरथरत्या हाताचा निघाला, कागदावर एक नाव आणि गावात दुसरं नाव असलेला निघाला. हे ती गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढता काढता सांगायची, आणि मी वाळवणावरच्या चिमण्या हाकलण्यात गुंतल्याचं दाखवायचे.

सुट्टीच्या दिवशी ती खाली येऊन आईजवळ बसायची. आई तांदूळ निवडत असायची, ही समोर मांडी घालून. मी आतल्या खोलीत वह्या तपासत असायचे आणि बाहेरून दोघींचं हसणं ऐकू यायचं. माझ्याशी बोलताना आई भाजी, गॅस, वीजबिल याच्यापलीकडे जात नव्हती. हिच्याशी मात्र तासन्‌तास काय चालायचं कोण जाणे. खरं सांगते, मी कादंबरीवर जळायच्या आधी त्या हसण्यावर जळले. दोन-तीनदा मुद्दाम बाहेर जाऊन चहा ठेवू का म्हणून विचारलं. दोघींनी एकदमच "नको" म्हटलं.

हस्तलिखित तयार झाल्यावर तिनं ते पहिल्यांदा मला दिलं. "तुम्ही मोकळेपणानं सांगाल," म्हणाली.

सातव्या प्रकरणापर्यंत पोट ठीक होतं. सातव्या प्रकरणात एक आजी होती. तिच्या घरच्यांनी जमीन विकली, जमिनीवर मोठमोठ्या इमारती झाल्या, पण बांधावरचा म्हसोबा तिथंच राहिला, इमारतींच्या कुंपणाच्या आत. करारात लिहिलेलं की घरच्यांनी वर्षातून एकदा नैवेद्य घेऊन यावं. आखाडातल्या एका रविवारी आजी दहीभाताचं ताट घेऊन फाटकाशी जाते. फाटकावरचं यंत्र विचारतं, कोणाकडे जायचं आहे? आजी सांगते, देवाकडं. यंत्र म्हणतं, या नावाचे रहिवासी आढळले नाहीत. सकाळपासून दुपारपर्यंत आजी उभी. शेवटी यंत्र एक तोड काढतं. माणूस म्हणून आत येता येत नाही, म्हणून आजीची नोंद 'सामान' अशी करतं आणि फाटक उघडतं. आजी ताट यंत्रावर फेकून माघारी फिरते.

मी ते प्रकरण तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना पोटावर उशी धरून बसले होते. कारण तो म्हसोबा आमचा होता. आमच्याच खालच्या खाचराच्या बांधावरचा. लहानपणी त्याच्यासमोरचा नारळ फोडायला मी आणि चुलतभाऊ भांडायचो. तीस वर्षं तो माझ्या डोळ्यांसमोर होता आणि माझ्या लेखणीला कधी दिसला नाही. आणि ही वाशिमहून आलेली पोर, दोन वर्षांत, माझ्याच घराच्या माळ्यावर बसून त्याला घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी मी तिला बोलावलं आणि माझ्या सगळ्यात समजूतदार आवाजात सांगितलं, "बाकी छान आहे. सातवं प्रकरण काढ."

"का?"

"पटत नाही. शहरात होईल असं. गावात माणसं एकमेकांना ओळखतात. देवाला जाणाऱ्या म्हातारीला कोण अडवेल? तू बाहेरची आहेस ना, म्हणून गाव तुला जरा कमी कळलंय. वाचक हसतील."

एवढं सफाईदार खोटं मी आयुष्यात दुसरं बोललेले नाही.  ती कागद गोळा करत म्हणाली, "बघते, ताई."

पुस्तक आलं तेव्हा त्यात सातवं प्रकरण नव्हतं. मी आधी अनुक्रमणिका उघडून खात्री केली, मगच तिचं अभिनंदन केलं.

पण बाकीचं पुस्तक होतंच. आणि ते एकेक पान करून खरं व्हायला लागलं. पुस्तकात एक प्रसंग होता, गावातलं कुणी वारतं आणि सांत्वनाचं पत्र यंत्र लिहून देतं, सगळ्यांना एकच. मागच्या वर्षी आमच्या आळीतले एक आजोबा गेले, तर गावच्या ग्रुपवर सतरा जणांचा एकच मजकूर, 'त्यांच्या जाण्याने निर्माण झालेली पोकळी शब्दातीत आहे' वगैरे. आजोबांना ज्यांनी आयुष्यभर शिव्या घातल्या त्यांचाही तोच. पुस्तकात एक शिक्षिका होती, जिची हजेरी तिचा चेहरा बघून लागायची. मी त्यावर नाक मुरडलं होतं. आज मी रोज सकाळी शाळेच्या पाण्याच्या टाकीजवळ, जिथं रेंज येते तिथं, फोन तोंडासमोर धरून उभी राहते. दाढ सुजली होती तेव्हा फोननं दोन दिवस मला ओळखलं नाही. मुख्याध्यापक म्हणाले, बाई, गोळी घ्या म्हणजे हजेरी लागेल.

लोक विचारायचे, हिला हे सगळं आधीच कसं कळलं हो? मी म्हणायचे, योगायोग. तिनं बावधनला स्वतःचा फ्लॅट घेतला, आमची खोली सोडली, पण आईला भेटायला येत राहिली. तिच्या मुलाखती यायच्या. मी त्या चुका शोधत वाचायचे. एकदा एक ऱ्हस्व-दीर्घाची सापडली, तो दिवस बरा गेला.

आणि मग गेल्या आखाडातला रविवार आला.

तोवर दरवर्षी आई आणि मी म्हसोबाला ताट घेऊन जायचो आणि गेटवरचा माणूस ओळखीचा, गावातलाच असल्यामुळे हात जोडून आत सोडायचा. गेल्या वर्षी आमच्या खाचरांवर उभ्या राहिलेल्या त्या सोसायटीनं पहारेकऱ्यांची एजन्सी बदलली. गेटवर पन्नाशीचा एक उत्तरेकडचा माणूस होता, हातात टॅब. अत्यंत सभ्य. आईला बघून स्वतःची खुर्ची पुढे केली आणि विचारलं, "माताजी, किसके यहाँ जाना है?"

आई म्हणाली, "म्हसोबाकडं."

त्यानं टॅबवर शोधलं. खरंच शोधलं, मी बघत होते. आडनाव आहे का म्हणून मला विचारलं. मी देव आहे असं सांगितल्यावर त्यानं लगेच नमस्कार केला आणि म्हणाला, "वो ठीक है मॅडम, लेकिन फ्लैट नंबर?"

जमीन देताना नैवेद्याचा करार झालाय, मी म्हटलं. त्याला मान्य होतं. पण कराराला टॅबमध्ये जागा नव्हती. सेक्रेटरी फोन उचलेनात. मग त्यानं आपल्या मनानं टॅबवरून एका फ्लॅटला परवानगीची विनंती पाठवली. तिथली बाई कुठल्या तरी ऑफिसात की मॉलमध्ये असेल, फोनवर अनोळखी चेहरा बघून तिनं नकाराचं बटण दाबलं. मी तरी तिच्या जागी काय केलं असतं? दुसऱ्या फ्लॅटकडून उत्तरच आलं नाही. पावसाची भुरभुर होती, आईनं ताटावर पदर धरला होता. पाऊण तासानं त्या माणसालाच आमची दया आली. इकडेतिकडे बघत, हळू आवाजात म्हणाला, "डिलिवरी में डाल देता हूँ. आधा घंटा मिलता है."

त्यानं आईचा ताटासकट फोटो काढला. टॅब वाजला. फाटक उघडलं.

मी जागच्या जागी थिजले. 'सामान' आणि 'डिलिव्हरी', एवढाच काय तो फरक. आणि माझं मन बघा, तशा वेळीसुद्धा ते तिची चूक शोधत होतं. सापडलीही. तिच्या प्रकरणात आजी चिडते, ताट फेकते. इथं कुणीच चिडलं नाही. आईनं त्या माणसाचे आभार मानले, त्यानं आईला छत्री देऊ केली, आणि आम्ही अर्ध्या तासात नैवेद्य दाखवून बाहेर आलो. तिला वाटलं होतं माणसं भांडतील. मला खरोखर बरं वाटलं की हे तरी तिला आधी कळलं नाही.

परतीच्या वाटेवर आई नेहमीसारखीच चालली होती. मी म्हटलं, "तुला वाईट नाही वाटलं?"

"त्यात काय. मला म्हाईत व्हतं आसं व्हनार."

"कसं काय?"

"जमीन दिली तवाच माझ्या मनात आलं. आज कागदावर लिवत्यात, उद्या दारात हुबं करत्याल, कोन तुमी म्हून इचारत्याल. त्या पोरीला सांगितलं की मी. तिनं इचारलं, मावशी, तुमाला भ्या कशाचं वाटतं? मंग सांगितलं."

"आणि मला कधी नाही सांगितलंस."

"तू कवा इचारलंस?" आई म्हणाली, आणि चिखल चुकवत पुढे गेली.

तर हा होता तिचा चमत्कार. भविष्य तिला दिसत नव्हतं. ती फक्त माझ्या आईला प्रश्न विचारत होती, माझ्याच ओसरीवर, मी आत वह्या तपासत असताना.

त्या आठवड्यात मी गेटचा प्रसंग लिहायला घेतला. चार पानं झाली. बऱ्याच वर्षांनी काहीतरी जिवंत हाताला लागलं होतं. तेवढ्यात तिचा फोन आला. कादंबरीची दुसरी आवृत्ती निघतेय, मजकुरात काही भर घालायची तर महिनाअखेरपर्यंत मुदत आहे, आणि मुळशी धरणाजवळच्या एका रिसॉर्टवर वाचकांचा मेळावा आहे, ताई तुम्ही याच.

आता माझ्यापुढे दोनच रस्ते होते. गेटवर काय झालं ते तिला सांगितलं, आणि मी खोटं बोलून प्रकरण काढायला लावलं हेही सांगितलं, तर ती ते नव्या आवृत्तीत घालणार. घालायलाच हवं होतं, ते तिचंच होतं. मग सगळे म्हणणार, बघा, हेही हिनं आधीच लिहून ठेवलं होतं. आणि गप्प राहिले तर म्हसोबा माझा, गेट माझं, चार पानं माझी. मेळाव्याच्या दिवशी स्कूटरवरून पौडच्या पुढे जाईपर्यंत मी गप्पच राहणार होते.

रिसॉर्टच्या हॉलमध्ये शंभरेक माणसं होती. काचेपलीकडे धरणाचं पाणी, आणि पाण्याकडे पाठ करून फोटो काढणारे पाहुणे. कुणीतरी हात वर करून तोच प्रश्न विचारला, तुम्हाला हे आधी कसं कळलं? ती म्हणाली, "मला नाही कळलं. मी ज्या घरात भाड्यानं राहायचे तिथल्या मावशींना आधीच कळलेलं होतं. तंत्रज्ञान बनवणारे कधी अशा माणसांना विचारत नाहीत, म्हणून ते मला आयतं मिळालं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या आईसाठी शंभर माणसं टाळ्या वाजवत होती आणि त्यांतल्या एकालाही माहीत नव्हतं की मावशींची लेक तिसऱ्या रांगेत पोट धरून बसलीय.

नंतर आम्ही दोघी चहा घेऊन बाहेरच्या कट्ट्यावर बसलो आणि मी सगळं सांगून टाकलं. कशामुळे ते माहीत नाही. चांगुलपणा नव्हता तो, एवढं नक्की. गेट, टॅब, डिलिव्हरी, सगळं. आणि मग म्हटलं, "सातवं प्रकरण पुस्तकातलं सगळ्यात चांगलं होतं. मला ते तेव्हाच कळलं होतं. मी जळले म्हणून काढायला लावलं. आता परत घाल."

तिनं कप कट्ट्यावर ठेवला.

"ताई, तुमच्यामुळे नाही काढलं मी ते."

"म्हणजे?"

"तुम्ही खोटं बोलताय हे तेव्हाच कळलं होतं. आमचं कामच ते आहे. मी प्रकरण ठेवणार होते. पण ते मावशींना वाचून दाखवलं, तर ऐकून झाल्यावर त्या म्हणाल्या, लई ब्येस हाय, पन येवढं माझ्या लेकीला ऱ्हाऊ दे. तिला लिवाया कायतरी ठेव." ती माझ्याकडे बघत नव्हती. "मी परत घालणार नाही. ते मी दिलेलं आहे."

तीन वर्षं मी माझा अपराध उराशी धरून बसले होते आणि आता तो अपराधही माझा निघाला नाही. माझ्या शब्दाला एवढंसुद्धा वजन नव्हतं. आणि समोर ही, स्वतःचं सर्वांत चांगलं लिखाण दुसरीला देऊन, वर त्याची वाच्यताही न करता, चहा पीत बसलेली. तुम्हाला वाटेल मी रडले असेन, तिचे हात धरले असतील. तसं काही नाही. मला तिचा इतका हेवा वाटला, की तेवढा कादंबरी वाचतानाही वाटला नव्हता. मला हे कधी जमलं नसतं. मी एक ओळ कुणाला दिली नसती.

घरी आले तेव्हा दिवस मावळायचा होता. आई ओसरीवर ताटात तांदूळ घेऊन बसली होती. मी चपला न काढताच विचारलं, "ते म्हसोबाचं तू माझ्यासाठी ठेवायला सांगितलं होतंस?"

"सांगितलं तिनं व्हय?" आईनं एक खडा बाजूला काढला. "मंग, लिवलंस का?"

"चार पानं."

"वाच की."

मी आतून कागद आणले आणि तिच्यासमोर मांडी घालून बसले. आईनं तांदळाचं ताट खाली ठेवलं, हात पुसले, डोक्यावरचा पदर सारखा केला. मी वाचायला लागले. मला ती पानं आवडत होती, वाचताना आणखी आवडली. गेट नीट उतरलं होतं. टॅबवाला माणूस, नकार देणारी बाई, भुरभुर पाऊस, आणि सगळ्यांत जास्त मी, माझा संताप, माझी लाज, माझं थिजणं. आई लक्ष देऊन ऐकत होती, पुढे झुकून, कुठल्यातरी गोष्टीची वाट बघितल्यासारखी. पहिलं पान संपलं, दुसरं संपलं, तिसरंही संपलं.

मी चौथं पान वर घेतलं तेव्हा तिनं हळूच विचारलं, "यात मी कवा बोलतीया?"